रूमवाल्यांचं अंदमान

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी रोज सकाळी येते. ओला कचरा नेते, सुका कचरा नेते. किस्से मात्र नेत नाही. ते साचत राहतात, आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर चार माणसं बसली की वर येतात. अंदमानहून परत आल्यापासून तर इतके साचलेत की नवीन ऐकणारा दिसला की आम्ही त्याला खुर्ची देतो, चहा देतो आणि मग सोडत नाही. आज तुम्ही सापडलात.

आधी माणसं सांगते. अमरावतीत क्लासेसच्या मागे आमची गल्ली. गल्लीतल्या प्रत्येक घराला वरचा मजला आहे आणि प्रत्येक वरच्या मजल्यावर पोरं आहेत. स्वतःची नव्हेत, भाड्याची. कोणी अचलपूरहून आलेला, कोणी दर्यापूरहून. कोणी स्पर्धा परीक्षेचा, कोणी मेडिकलच्या एन्ट्रन्सचा. आमच्या घरावर तीन खोल्या आहेत. आमचे हे बँकेतून रिटायर झाले तेव्हापासून त्यांची ड्यूटी म्हणजे पाण्याची मोटर चालू करणं आणि बंद करणं. समोर काळमेघ भाऊजी आणि विमलताई. त्यांच्याकडे सगळ्यांत जास्त खोल्या, म्हणून गल्लीचा भाव भाऊजीच काढतात. बाजूला गवई मॅडम. मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या, एकट्याच असतात, खोल्या फक्त मुलींना देतात. आणि कोपऱ्यावर करीमभाई आणि रझिया भाभी. खाली करीमभाईंचं कूलरचं दुकान, वर भाड्याच्या खोल्या.

दरवर्षी जून यायच्या आधी ओट्यावर आमची मीटिंग होते. काळमेघ भाऊजी म्हणतात, "महागाई पाहा किती वाढली बापा." आम्ही सगळे माना हलवतो. मीटिंग संपते. भाडं वाढतं.

यंदा भाडं जरा जास्तच वाढलं. त्या जास्तीचं काय करायचं यावर चर्चा चालू होती, तेवढ्यात विमलताई म्हणाल्या, "मले समुद्र पाहाचा हाय. बेटावरचा." विमलताई फार कमी बोलतात. त्यामुळे त्या बोलल्या की कोणाला नाही म्हणता येत नाही. दिवाळीला पोरं गावी जातात, खोल्या रिकाम्या होतात, भाडं तेवढं चालू राहतं. म्हणून दिवाळी झाली की निघायचं ठरलं.

ही बातमी वरच्या पोरांपर्यंत पोचली. काळमेघांच्या जिन्यावर एक पोट्टा दुसऱ्याला सांगत होता, "काका अंदमानले चालले. आपल्याच पैशानं." भाऊजींनी खालून ऐकलं. त्यांना राग वगैरे काही आला नाही. ते म्हणाले, "मंग? फोटो पाठवू ना तुमाले."

* * *

एजंट कमिशन खातो म्हणून बुकिंग आपलं आपण करायचं ठरलं. एका संध्याकाळी सगळे आपापले मोबाईल घेऊन ओट्यावर आले. पोर्ट ब्लेअरचं एक हॉटेल सगळ्यांना पसंत पडलं. फोटोत पलंगावर टॉवेलचे दोन हंस केलेले होते.

काळमेघ भाऊजींनी भाव पाहिला. बरा होता. "थांबा, मी पन पाहातो," करीमभाई म्हणाले. त्यांच्या मोबाईलवर भाव थोडा जास्त निघाला. रझिया भाभींच्यावर आणखी थोडा. गवई मॅडमनी पाहिलं तर त्याहून जास्त. आमच्या ह्यांनी चष्मा शोधून, पुसून, लावून पाहिलं तोवर भाव दीडपट झाला होता.

"हा काय सराफा आहे काय?" काळमेघ भाऊजी म्हणाले. "मिनिटामिनिटाले भाव बदलून राहिला."

करीमभाईंनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. "भाऊ, इथं लाल अक्षरात लिवलं हाय. सध्या पाच जण ही रूम पाहत आहेत. त्वरा करा."

भाऊजी उठून उभेच राहिले. "कोन हायेत हे पाच जन? आपल्याच रूमवर डोळा ठेवून बसले काय? दाबा, करीमभाई, लवकर दाबा."

गवई मॅडमनी ओट्यावरचे मोबाईल एकेक करून पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "आपणच आहोत ते."

पण करीमभाईंनी दाबलं होतं.

* * *

अकोल्याला जठारपेठेत आमच्या ह्यांची मोठी बहीण राहते. ती काही वर्षांपूर्वी अंदमानला जाऊन आली आहे. आम्ही बुकिंग केल्याचं तिला कळलं आणि तिचे फोन सुरू झाले.

"हॉटेल कितीला पडलं रे?"

आमचे हे बँकेतले. खरा आकडा सांगायची त्यांना सवय. त्यांनी सांगितला.

"अगं बाई," ती मला म्हणाली, कारण फोन स्पीकरवर होता. "आम्ही तर याच्या अर्ध्यात राहिलो. वर नाश्ता फुकट होता."

मग विमानाचं तिकीट झालं, पुन्हा फोन. जहाजाचं तिकीट झालं, पुन्हा फोन. बडनेऱ्याला आम्ही गाडीत सामान चढवत होतो तेव्हाही तिचा फोन आला की आमच्या वेळी तिथं शहाळंसुद्धा किती स्वस्त होतं. कलकत्त्याला विमानात मोबाईल बंद करायला सांगितले, तेव्हा ह्यांनी सगळ्यांत आधी बंद केला. पोर्ट ब्लेअरला उतरून चालू केला तर तिचाच फोन.

"तुला सांगू का," ती म्हणाली, "तेवढ्या पैशांत आम्ही जाऊन आलो आणि राहिलेल्यात मिक्सर घेतला."

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "ताई, तू गेलीस त्याच साली सांगायला पाहिजे होतं. तेव्हाच निघालो असतो."

त्यानंतर दोन दिवस शांत गेले.

* * *

पोर्ट ब्लेअरच्या त्या हॉटेलात आम्ही सी-फेसिंग रूम घेतल्या होत्या. त्याचे पैसे वेगळे. विमलताईंना खिडकीतून समुद्र पाहायचा होता, म्हणून काळमेघ भाऊजींनी मन मोठं केलं होतं. रूममध्ये गेल्या गेल्या त्यांनी स्वतः पडदा सरकवला.

समोर भिंत होती. पिवळी, नवीन, ओल्या रंगाचा वास येणारी. भिंतीवर एक पाईप आणि पाईपवर एक कावळा.

भाऊजी तसेच खाली काउंटरवर गेले. आम्ही त्यांच्या मागे. आपल्या वऱ्हाडी हिंदीत त्यांनी मॅनेजरला झापायला सुरुवात केली. "ये क्या लगाया तुमने? सी-फेसिंग बोलके पैसा लिया, और समुद्र किधर है?"

मॅनेजर गरीब चेहऱ्याचा होता. म्हणाला, "सर, कमरा तो समंदर की तरफ ही है. बीच में दूसरा होटल बन गया. उसमें हमारी क्या गलती?"

"तो फिर पैसा काहेको लिया?"

"रेट पहले का है सर. होटल बाद में बना."

आता इथं तुम्हाला एक गोष्ट माहीत पाहिजे. दोन वर्षांपूर्वी काळमेघ भाऊजींनी घरावर आणखी एक मजला चढवला. त्यामुळे गवई मॅडमच्या मुलींच्या खोलीतलं ऊन गेलं. मॅडम बोलायला गेल्या, तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "खिडकी तर हायेच ना मॅडम. तिच्यातून काय दिसते ते माह्या हातात नाई."

मॅडम तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. आता त्या पर्स सावरत पुढे आल्या आणि भाऊजींच्या खांद्याजवळ थांबून म्हणाल्या, "जाऊ द्या ना भाऊजी. खिडकी तर आहे."

भाऊजी वर गेले आणि पडदा लावून झोपले. विमलताईंनी पहिला समुद्र पाहिला तो हॉटेलच्या गच्चीवरून, पाण्याच्या दोन टाक्यांच्या मधून. बराच वेळ पाहत होत्या. आम्ही विचारलं, कसा वाटला? त्या म्हणाल्या, "ह्याचे पैसे वेगळे नाई ना?"

* * *

पोर्ट ब्लेअरहून जहाजानं हॅवलॉकला गेलो. तिथल्या रिसॉर्टचा भाव ऐकून करीमभाईंनी विचारलं की ही रूम विकत मिळते की भाड्यानं. झावळ्यांचं छप्पर, बांबूच्या भिंती, आत पलंग. अशी झोपडी आमच्याकडे शेतात राखणीसाठी बांधतात. फरक एवढाच की हिच्यात एसी होता.

प्रत्येक झोपडीत दारामागे एक बोर्ड लावलेला होता. काळमेघ भाऊजींनी तो मोठ्यानं वाचायला घेतला. गीझर सकाळी ठरावीक वेळेतच चालू राहील. बाहेरचं खाणं आत आणू नये. कपडे रेलिंगवर वाळत घालू नयेत. पाहुण्यांना रूमवर बोलावू नये. रूममध्ये स्वयंपाक करू नये, केल्यास दंड. एसीचं बिल वेगळं. भिंतीला खिळा ठोकल्यास अनामत परत मिळणार नाही.

प्रत्येक ओळीबरोबर त्यांचा आवाज वाढत होता. शेवटी ते म्हणाले, "आपन पैसे मोजून आलो ना इथं? का फुकट राहून राहिलो? आपल्याले काय चोर समजते काय हा मानूस? अशा जागी कोन राहीन?"

विमलताई बॅगेतून पातळ काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, अक्षर तेवढं चांगलं हाय. बाकी बोर्ड आपल्या जिन्यातलाच."

त्यानंतर खरी पंचाईत जेवणाची झाली. रिसॉर्टमधलं जेवण परवडण्यासारखं नव्हतं, आणि बाहेर जेवायला जावं तर रिक्षावाला जेवणाएवढेच पैसे मागे. रझिया भाभी अशा वेळी घाबरत नाहीत. त्यांच्या बॅगेत बेसन होतं, लसूण होता, तिखट होतं आणि घरून भाजून आणलेल्या ज्वारीच्या कडक भाकरी होत्या. रूममध्ये चहासाठी विजेची केटली ठेवलेली होती. भाभींनी केटलीत पिठलं केलं.

पिठलं झालं छान. पण लसणाची फोडणी बांबूच्या भिंतीतून बाहेर गेली आणि पाच मिनिटांत मॅनेजर दारात उभा. तरुण मुलगा, दिल्लीकडचा, गळ्यात टाय. त्यानं केटलीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. बोर्डाकडे बोट केलं.

भाभी म्हणाल्या, "बेटा, पहले बैठो. खाली पेट गुस्सा नहीं करते."

तो बसला. भाभींनी त्याला पिठलं-भाकर दिली, वर कांदा फोडून दिला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तिखट खाल्लं त्यानं, आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं. सांगत होता की घरी जाऊन वर्ष झालं, आईच्या हातचं खाल्लं नाही. भाभींचेही डोळे भरून आले. आम्ही सगळे अगदी हळवे झालो.

मग त्यानं हात धुतले, रुमालानं तोंड पुसलं आणि खिशातून पावती पुस्तक काढलं. "खाना बहुत अच्छा था आंटी," तो म्हणाला. "फाइन अलग है."

तो गेल्यावर करीमभाई म्हणाले, "ह्या पोट्ट्यानं जर अमरावतीत घर घेतलं ना भाऊ, तर आपल्या सगळ्यांले खोल्या बंद करा लागतीन."

* * *

गवई मॅडमचा किस्सा हसायचा की नाही ते मला अजून कळलेलं नाही. आम्ही सगळे जोडीनं होतो, त्या एकट्या. पण एकट्या माणसालाही दोघांचंच भाडं. मॅडमनी बुकिंगच्या वेळी विचारलं होतं, तर उत्तर आलं की रूम दोघांची आहे, एक आला काय आणि दोन आले काय, भाव तोच.

मॅडमनी वाद घातला नाही. पण हॅवलॉकच्या पहिल्याच सकाळी नाश्त्याला त्यांनी दोन प्लेटा भरून आणल्या. एक आपल्यापुढे ठेवली, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. पुरी-भाजी, उकडलेली अंडी, केळं, सगळं दोन-दोन. चहाचे कपही दोन.

आम्हाला वाटलं, कोणी ओळखीचं भेटलं असेल. खुर्ची रिकामीच राहिली. मॅडम आपलं सावकाश खात होत्या. शेवटी तोच टायवाला मॅनेजर आला. "मॅडम, दूसरे गेस्ट कहाँ हैं?"

"मेरे मिस्टर हैं," मॅडम म्हणाल्या.

"कब आएँगे?"

"वो तो अब नहीं आएँगे. उनको जाके सात साल हो गए." मॅडमनी चहाचा घोट घेतला. "पर आपने उनका पैसा लिया है ना. तो नाश्ता लगेगा."

मुलानं टायची गाठ सैल केली आणि निघून गेला. मॅडमनी दुसऱ्या प्लेटमधल्या पुऱ्या, अंडी, केळं, सगळं एका स्वच्छ रुमालात बांधलं आणि दुपारी समुद्रावर आम्हा सगळ्यांना वाटून दिलं. वाटताना म्हणाल्या, "गवई साहेबांकडून घ्या. त्यांना लोकांना खाऊ घालायची फार हौस होती."

त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी फार हळू खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून मॅनेजर स्वतःच दोन प्लेटा लावायला लागला.

* * *

आता शेवटचा सांगते. हा सांगायला लागले की काळमेघ भाऊजी ओट्यावरून उठून जातात. आज ते नाहीत, म्हणून निवांत सांगते.

आमचा शेवटचा मुक्काम नील बेटावर, एकाच रात्रीचा होता. सकाळी जहाज पकडून पोर्ट ब्लेअर, तिथून पुढे विमान. पण सकाळी उठलो तर वारा सुटलेला, समुद्र काळा झालेला आणि जहाजं बंद. कधी सुरू होतील ते कोणी सांगेना. हॉटेलवाला मात्र एक गोष्ट लगेच सांगायला आला. राहायचं असेल तर आजपासून भाव दुप्पट.

"काहून?" भाऊजींनी विचारलं.

"सर, जहाज बंद है. लोग फँसे हैं. डिमांड है."

"हे तर सरळ सरळ अडवनं झालं," भाऊजी आमच्याकडे वळून म्हणाले. "मानूस अडचनीत सापडला म्हणून भाव वाढवाचा? अशी कुठं रीत असते?"

आम्ही कोणी मान हलवली नाही. आमचे हे छताकडे पाहत होते.

शेवटी सामान घेऊन बाहेर पडलो. जिथं विचारावं तिथं एकतर रूम भरलेल्या, नाहीतर दुप्पट-तिप्पट भाव. वरून भुरभुर पाऊस. विमलताईंचा गुडघा दुखायला लागला, बॅगांची चाकं चिखलात फिरेनात. विमान गेलं तर तिकिटाचे पैसे बुडाले, नवीन तिकिटाचा भाव काय असेल ते पाहायचीसुद्धा हिंमत होईना. रझिया भाभी तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत होत्या. त्या वेळी आमच्यापैकी कोणीही गंमत करत नव्हतं.

सुपारीच्या झाडांमागे एक पत्र्याचं घर दिसलं. पुढे मोठा व्हरांडा, अंगणात बदकं. घरात एक बंगाली म्हातारी एकटीच राहत होती. सगळे तिला माशी म्हणायचे, म्हणजे मावशी. घराच्या पुढच्या बाजूला दोन खोल्या आणि मागे एक. अधूनमधून ती प्रवाशांना द्यायची. करीमभाईंनी भाडं विचारलं. तिनं सांगितलं. साधाच भाव होता, रोजचा. वाढवलेला अजिबात नव्हता. आमच्या जिवात जीव आला. भाभींनी बॅग खाली ठेवलीसुद्धा.

आणि काळमेघ भाऊजी म्हणाले, "ज्यादा है मावशी."

त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. ते नंतर शपथेवर सांगत होते. पण कोणी कसलाही भाव सांगितला की त्यांच्या तोंडून हे निघतंच.

माशीनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ज़्यादा है? तो मत दीजिए." एवढं बोलून ती आत गेली. दार उघडंच राहिलं.

आम्ही पावसात उभे.

"मतलब, निघा म्हणते ती," करीमभाई हळूच म्हणाले.

"नाही हो," रझिया भाभी म्हणाल्या. "मत दीजिए म्हणजे पैसे देऊ नका. राहा म्हणते. दार कशाला उघडं ठेवलं मग?"

सगळ्यांनी गवई मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी विचार केला. "वाक्य दोन्ही अर्थांनी बरोबर आहे."

"मी विचारून येऊ का?" आमचे हे म्हणाले.

"विचारू नका," भाऊजी घाईघाईनं म्हणाले. "निघा म्हटलं तर जाचं कुठं?"

तेवढ्यात विमलताई पायरीवर बसल्या आणि चपला काढल्या. त्या बसल्या म्हणजे आम्ही राहिलो. थोड्या वेळानं माशीनं सगळ्यांना चहा आणून दिला. तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

नंतरचे दोन दिवस कसे गेले ते विचारू नका. आपण भाडेकरू आहोत, पाहुणे आहोत की घुसलेले आहोत, तेच माहीत नाही. भाडेकरूला तक्रार करता येते, पाहुण्याला आराम करता येतो. आम्हाला दोन्ही जमेना. म्हणून सगळे कामाला लागले. रझिया भाभींनी स्वयंपाकघर घासलं. करीमभाईंनी पंखा खोलून दुरुस्त केला, मग दुसरा पंखा नसल्यामुळे शिलाई मशीन खोललं. आमच्या ह्यांना तिथंही पाण्याची मोटर सापडली आणि ते रमले. गवई मॅडम तांदूळ निवडत बसल्या. घरी पाण्याचा ग्लाससुद्धा हातानं न घेणारे काळमेघ भाऊजी अंगणातलं शेवाळ खराट्यानं घासत होते. विमलताई व्हरांड्यात बसून त्यांच्याकडे पाहत होत्या, समुद्राकडे पाहिलं होतं तसंच.

"भाडं देऊन राहिलो असतो," भाऊजी कंबर धरून म्हणाले, "तर पाय पसरून पडलो तरी असतो."

माशी येता-जाता पाहायची. बोलायची काहीच नाही. जेवायला वाढायची पोटभर.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. उद्या जहाज सुटणार अशी बातमी आली. फोन करून विमानाची तारीखही बदलून मिळाली. माशी छत्री घेऊन बाजारात गेली होती. भाऊजी व्हरांड्यातल्या खुर्चीवर जरा टेकले होते, आम्ही सगळे आसपास. फाटकाशी एक तरुण जोडपं आलं. नवीन लग्न झालेलं, मुलीच्या हातात चुडा, दोघांचे कपडे चिखलानं माखलेले.

"अंकल, रूम मिलेगा क्या? सब जगह फुल है."

आता खरं तर भाऊजींनी सांगायला पाहिजे होतं की मालकीण बाहेर गेली आहे. पण कोणी रूम मागितली की त्यांचा कणा आपोआप ताठ होतो. त्यांनी खुर्चीत मागे रेलून विचारलं, "कितने लोग? किधर से?"

"पुणे."

"मंग मराठीत बोला ना."

पोराचा चेहरा उजळला. "काका, तुम्ही पण महाराष्ट्रातले? बघ गं, आपलीच माणसं निघाली."

"मागची एक खोली रिकामी हाय," भाऊजी म्हणाले, आणि भाव सांगितला. माशीच्या भावाच्या दुप्पट. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. रझिया भाभींनी पदर तोंडाला लावला.

पोरानं बायकोकडे पाहिलं. "काका, हे जरा जास्त होतंय हो. आमचं बजेट आधीच संपलंय."

भाऊजींनी पायावर पाय टाकला. गल्लीत जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून पोरांना ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात म्हणाले, "परवडत नसन तर नका देऊ."

त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पायऱ्या चढून आली आणि वाकून भाऊजींच्या पाया पडली. "थँक यू काका," ती म्हणाली. "तीन दिवसांत असं कोणी बोललंच नव्हतं आमच्याशी." पोरानं दोन्ही बॅगा उचलल्या, बूट पायरीवर काढले आणि दोघं मागच्या खोलीकडे गेले. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

भाऊजींचा आशीर्वादाचा हात तसाच हवेत होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला.

"मी तर त्यायले निघा म्हटलं होतं," ते म्हणाले.

"आम्हाला सगळ्यांना कळलं ते," गवई मॅडम म्हणाल्या.

भाऊजींनी आपण घासलेल्या अंगणाकडे पाहिलं. मग त्यांनी आवाज अगदी खाली आणून विचारलं, "मंग परवा मावशीनं आपल्याले काय म्हटलं होतं?"

करीमभाईंनी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि धुतलेलं अंगण पुन्हा झाडायला सुरुवात केली.

फाटक वाजलं. माशी आली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मासळीची पिशवी. पायरीवरचे नवीन बूट तिनं पाहिले. मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची केव्हाच सोडली होती. ती आत गेली, आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "आज चावल ज़्यादा लगेगा."